दगड आणि छा सिउ

प्रश्न : माझी सून हाँगकाँगची, माहेरी कँटनीज बोलणारी. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या आईने काहीतरी सुनावलं आणि ही खो खो हसली. अर्थ विचारला तर म्हणाली, ‘तुझ्यापेक्षा छा सिउचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं.’ मला फार लागलं. आई लेकीचा असा पाणउतारा करते का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, छा सिउ म्हणजे गोडसर मसाला लावून भाजलेलं डुकराचं मांस. तिथल्या दुकानांत काचेमागे त्याच्या लालसर पट्ट्या आकड्यांना टांगलेल्या दिसतात. तो तुकडा निदान भाताबरोबर खाता तरी येतो, असा बोलण्याचा रोख. नारायण पेठेतल्या वाड्यात माझी आजी आम्हाला म्हणायची, ‘तुमच्याऐवजी दगड झाला असता तर धुणं धुवायला तरी कामी आला असता.’ तिथे भात, इथे धुणं, बाकी आई तीच. लेक हसली ना? मग मनाला लावून घेऊ नका.

खरा झोंबतो तो ‘चत्’. यातला च चमच्यातला, आणि त् जिभेवरच अडवायचा. मूळ अर्थ कोंडणं. मी कौलूनला ९ वर्षं राहिले. सुरुवातीला शाम शुई पोच्या मंडईत एका पालेभाजीचा भाव तीनदा विचारला, तेव्हा भाजीवाली म्हणाली, ‘घ्यायचीय की पाठ करायचीय?’ मनात जुळवलेलं पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं. बरोबरची मैत्रीण म्हणाली, तिने तुला चत् केलं. त्या शब्दाचा अर्थ मला कुणी वेगळा सांगावा लागला नाही.

नाव न घेता टोमणा मारणं म्हणजे ‘तान ता’, आपलं लेकी बोले सुने लागे. ‘फै छाय’ म्हणजे टाकाऊ लाकूड, कुचकामी माणूस. मित्रमित्र एकमेकांना सर्रास म्हणतात. मला सर्वांत आवडतो ‘पाक काप ङान’, कबुतराचे डोळे. ऐपत पाहून माणसाला तुच्छ लेखणाऱ्याला तसं म्हणतात. हिणवणाऱ्यालाच नाव ठेवणारा शब्द त्या भाषेने घडवला, याचं मला फार कौतुक आहे.

यातलं काही स्वतः म्हणून पाहायचं तर आधी सुनेकडून सूर घोटून घ्या. कँटनीजमध्ये ६ सूर आहेत, सूर चुकला की शब्दच बदलतो. आणि पुढच्या कॉलला विहीणबाईंना आपलं दगडाचं वाक्य तिच्याकरवी जरूर सांगा.