जुनी दहा टायर (दहा चाकांचा ट्रक) लोनवर घ्यायची का, माझं उत्तर

भाऊ, तुम्ही विचारलंय की सध्या दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, साठवलेले सगळे पैसे डाउन पेमेंटला घालून जुनी दहा टायर घ्यावी का. घ्या, पण सगळे पैसे घालून घेऊ नका. कळंबोलीला चांगली चांगली पोरं बघितलीत, गाडी चालवायला एक नंबर, भाडं पण मिळत होतं, तरी गाडी उभी राहिली कारण डिझेलला हातात पैसे नव्हते.

होतं काय, लोडिंगला अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि बॅलन्स माल उतरून पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) जमा केल्यावर, कोणी आठवड्यात देतं कोणी महिना लावतं. डिझेल, फास्टॅग, भत्ता, बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमांची गाडी) असेल तर धूर साफ करायला लागणारं यूरियाचं पाणी, हे सगळं आजच लागतं आणि हप्ता त्याच्या तारखेला येतोच. दोन ट्रिपचा बॅलन्स अडकला, त्यात टायर फुटला की माणूस भाडं मिळवून देणाऱ्या एजंटकडून उचल घेतो आणि एकदा उचल घेतली की मग तो म्हणेल ते भाडं. म्हणून तीन हप्ते आणि दोन ट्रिपचं डिझेल आधी बाजूला काढा, उरेल त्यात बसेल ती गाडी बघा, छोटी आली तरी चालेल.

पोच जिवापाड जपा. माल उतरला की सही, शिक्का, तारीख आणि गेटवर गाडी लागल्याची वेळ लिहून घ्यायची, तिथेच उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा. वेळ लिहिलेली नसेल तर हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) कोणी देत नाही. ‘दोन गोणी भिजल्या’ असा शेरा मारायला लागले तर गाडी हलवायच्या आधी ताडपत्रीचे आणि गोण्यांचे फोटो काढा आणि ट्रान्सपोर्टवाल्याला तिथूनच फोन लावा. वाराई, हमाली (माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च) कोणाकडे ते भाडं ठरतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

पिंपळगावहून कांदा भरून कोलकात्याला जायचं भाडं मोठं दिसतं, पण हिशोब राउंडचा, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण फेरीचा करा. परतीला चार दिवस थांबून कमी भाड्यात यावं लागलं तर जवळची लाईन परवडते.

ओव्हरलोडच्या नादाला अजिबात लागू नका. 2019 ला कायदा बदलल्यापासून 20 हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार, शिवाय जास्तीचा माल उतरवायचा खर्च आपलाच, टायर आणि ब्रेक खराब होतात ते वेगळंच.

गाडी बघायला सकाळी जा, न सांगता जा, इंजिनला हात लावून थंड आहे का बघा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवतोय हे समजून जा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं आणि भसाभस धूर आला तर इंजिनकाम जवळ आलंय. चेसीवर वेल्डिंग दिसतंय का ते खाली झोपून बघा. जुन्या फायनान्सची एनओसी, फॉर्म 35 (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म), थकलेली ई-चलनं, टॅक्स हे क्लिअर झाल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. 8 वर्षांच्या वरची गाडी असेल तर पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी, तो खर्च धरा.

आणि हो, 10 किंवा कमी गाड्या असतील तर पॅन आणि तसं डिक्लेरेशन लिहून दिलं की ट्रान्सपोर्टवाल्याला टीडीएस (भाड्यातून आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स) कापायची गरज नसते, बरेच गाडीमालक हे डिक्लेरेशन देतच नाहीत आणि स्वतःचे पैसे अडकवून बसतात.

गाडी किती सालची, हप्ता किती बसतोय आणि कोणत्या लाईनला चालवणार ते इथे टाका, राउंडचा हिशोब मांडून देतो.