रिक्वायर केल्यावर फंक्शनऐवजी ऑब्जेक्ट का येतो?

प्रश्न : तारीख नीट मांडून देणारं एक छोटं जावास्क्रिप्ट पॅकेज मी लिहिलंय. त्यातलं एकच फंक्शन एक्स्पोर्ट डीफॉल्ट केलं (म्हणजे फाइलमधून बाहेर देण्याची मुख्य गोष्ट ठरवलं) आणि बेबलने, म्हणजे नवं जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणाऱ्या साधनाने, कॉमनजेएसमध्ये, म्हणजे रिक्वायरने मॉड्यूल घेण्याच्या नोडच्या जुन्या पद्धतीत, कंपाइल केलं. माझ्या प्रोजेक्टमध्ये, जो बेबलमधूनच जातो, इम्पोर्ट व्यवस्थित चालतं. पण सहकाऱ्याने जुन्या नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) प्रोजेक्टमध्ये रिक्वायर केलं की ‘इज नॉट अ फंक्शन’ ही एरर येते. माझं काय चुकलं?

उत्तर : चूक तुमची नाही. रिक्वायरमधून काय हाती येतं ते सहकाऱ्याला कन्सोलवर छापून बघायला सांगा. एक ऑब्जेक्ट दिसेल आणि त्यात ‘डीफॉल्ट’ या नावाखाली तुमचं फंक्शन. त्याच ऑब्जेक्टवर ‘ईएसमॉड्यूल’ नावाची एक खूणही असते, फक्त ती छापली जात नाही. इम्पोर्टच्या जागी बेबल जो कोड घालतो, तो ही खूण बघून डीफॉल्ट काढून देतो. नुसत्या रिक्वायरला तिच्याशी काही देणंघेणं नसतं.

पूर्वी असं नव्हतं. बेबल ५ मध्ये डीफॉल्ट एकटाच असेल, तर तोच मॉड्यूल डॉट एक्स्पोर्ट्स, म्हणजे रिक्वायरच्या हाती थेट येणारी गोष्ट, व्हायचा. सोयीचं वाटायचं. मग एकदा मी अशाच एका फाइलमध्ये डीफॉल्टच्या खाली एक साधा स्थिरांक एक्स्पोर्ट केला, आणि रिक्वायर करणारे सगळे प्रोजेक्ट एका झटक्यात बंद पडले! मूळ फंक्शनला मी हातही लावला नव्हता. भर घातल्याने मोडणारी ही सोय २०१५ मध्ये बेबल ६ ने काढली, ते योग्यच झालं.

आज लगेच काम भागवायचं तर सहकाऱ्याने रिक्वायरच्या शेवटी डॉट डीफॉल्ट लावावं. जुनी सवय परत आणणारं ‘अ‍ॅड मॉड्यूल एक्स्पोर्ट्स’ हे प्लगइन मिळतं, पण मी ते वापरत नाही. वरचा खड्डा त्यातही तसाच आहे. तुमचं हेच कंपाइल केलेलं पॅकेज कुणी नोडच्या स्वतःच्या इम्पोर्टने घेतलं, तरी त्यालाही आख्खा ऑब्जेक्टच मिळेल, कारण तिथे नोड ती खूण मानत नाही.

म्हणून माझं ऐकाल तर डीफॉल्ट सोडा आणि फंक्शन नावानिशी एक्स्पोर्ट करा. मग रिक्वायर असो वा इम्पोर्ट, महिरपी कंसात तेच नाव लिहायचं. फक्त डीफॉल्टवर विसंबलेले आधीचे वापरकर्ते अडकतील, तेव्हा हा बदल मेजर आवृत्ती (आवृत्तीतला पहिला आकडा) वाढवूनच प्रकाशित करा.