'ओये कोमो वा' हे गाणं मुळात कोणाचं? सांतानाच्या आवृत्तीत काय बदललं, आणि आमचा बँड ते वाजवतो तेव्हा सपाट का वाटतं?

गाणं टिटो पुएन्तेचं. न्यूयॉर्कचा पोर्तोरिकन वंशाचा टिंबालेवादक (टिंबाले म्हणजे काड्यांनी वाजवायची उथळ ढोलांची जोडी). 1962 साली त्याने हे 'एल रे ब्राव्हो' या अल्बमसाठी केलं. सांतानाचं (गिटारवादक कार्लोस सांतानाच्या रॉक बँडचं) कव्हर 1970 च्या 'अब्राक्सस'मध्ये आलं, आणि पुढच्या वर्षी सिंगल म्हणून बिलबोर्डच्या यादीत 13 व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुएन्तेच्याही मागे जायचं तर क्यूबाच्या काचाओचं 'चांचुयो' ऐका. मुख्य रिफचं (पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीचं) नातं लगेच कळेल.

सांतानाने गाण्याचा सांगाडा मोडला नाही. दोन कॉर्डचं चक्र, समूहाने म्हणायची ओळ, मधले थांबे, सगळं तसंच आहे. बदलली ती वाद्यं. बासरीची जागा इलेक्ट्रिक गिटारने घेतली, आणि बँडमधल्या ग्रेग रोलीच्या हॅमंड ऑर्गनने रिफ धरून सोलोही घेतला. कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), टिंबाले राहिले म्हणून ते रॉक असूनही चा-चा-चाच (क्यूबन नाचाची लय) राहिलं.

आता सपाट का वाटतं ते. माझ्या मते बहुतेक वेळा दोष ड्रमरचा असतो. तो मापाच्या चार ठोक्यांपैकी 2 आणि 4 वर स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ढोल) हाणतो आणि गाण्याचं साधं रॉक होऊन जातं. चा-चा-चामध्ये काऊबेल (काडीने वाजवायची धातूची घंटा) चारही ठोक्यांवर सारखी हवी. गुईरो (खाचा पाडलेला पोकळ भोपळा, काडीने घासतात) 1 वर लांब, 2 वर दोन आखूड, 3 वर लांब, 4 वर दोन आखूड असा चालतो. गुईरो नसेल तर शेकरवर हाच नमुना धरा, पण सोडू नका. बेसवाल्याने मधल्या जागा भरण्याचा मोह टाळावा. लय मिनिटाला 120 ते 130 ठोक्यांच्या दरम्यान ठेवा. स्टेजवर ती चढतेच, आणि चढली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

दुसरी चूक सुरांची. कॉर्ड आहेत ए मायनर सेव्हन आणि डी नाइन, एकेक मापाच्या. ए मायनर म्हटलं की गिटारवाला नॅचरल मायनर काढतो, म्हणजे धैवत कोमल. पण डी नाइनमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे शुद्ध धैवत, आणि तिथेच खटकतं. पांढरी सहाचा सा धरा, काफी थाट घ्या: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. पेटीवर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, फक्त पांढरी चारऐवजी काळी तीन. नवख्याने धानी रागाचे पाच सूर पकडावेत. त्यात धैवतच नाही, त्यामुळे बिघडायला जागा नाही. (काफीची ठुमरी अंगात मुरलेल्याला हा सोलो फार सोपा जातो, हे रॉकवाल्यांना पटत नाही.)

थांब्यांचा सराव वेगळा करा. सगळ्यांनी एकत्र वाजवायच्या त्या ओळी एकाने जरी उशिरा सोडल्या तरी पुढच्या मापाची सम हरवते. आधी नुसत्या टाळीवर बसवा, मग वाद्यावर.

आणि नाचणारे असतील तर त्यांना 1 वर सुरुवात करू देऊ नका. पुढचं पाऊल 2 वर, 3 वर वजन परत, मग '4 आणि 1' वर तीन झटपट पावलं.