दिवाळे निघाल्यानंतर देवाकडून आशा बाळगावी का?

आपण विचारले आहे की, दुकान बंद पडून डोक्यावर कर्ज उरले आहे, घरातले माणूसही गेले आहे, अशा वेळी देवावर आशा ठेवणे ही स्वतःची फसवणूक तर नाही ना. मी तुकाराम महाराजांच्या आधाराने उत्तर देतो, कारण ते स्वतः दिवाळे निघालेले व्यापारी होते आणि त्यांनी ते लपवले नाही.

देहूतील त्यांच्या घराण्याकडे वाणीपणा आणि महाजनकी होती. 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात भांडवल संपले, पत गेली आणि थोरली पत्नी दगावली. आपल्या आयुष्याविषयीच्या अभंगात ते लिहितात, ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ या ओळींत सांत्वनाचा एक शब्दही नाही, आणि धंद्यात तूट आल्याची लाज वाटली हेही ते पुढे लगेच सांगतात.

त्यानंतरचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. भंगलेले देऊळ नीट करावे असे त्यांच्या मनात आले. मग एकादशीचे कीर्तन सुरू झाले, पण तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते, अशी कबुली ते देतात. तरीही संतांची वचने विश्वासाने पाठ केली. म्हणजे श्रद्धा पक्की होईपर्यंत ते थांबले नाहीत, मन लागत नसतानाच हात कामाला लावले. आपणही एवढ्यावरून आरंभ करू शकता, आणि तो फसवणूक ठरत नाही.

‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा त्यांचा अभंग आपल्याला कोणी ऐकवला असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवावा. ज्याने सोसले त्याने मागे वळून म्हणायची ती ओळ आहे. शेजाऱ्याने येऊन ती दुसऱ्याच्या दुःखावर लावणे मला क्रूरपणाचे वाटते. देवावर राग येत असेल तर तोही दाबू नये. अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या तेव्हा, सावकाराने थकलेल्या वसुलीसाठी दारात बसावे तसे, तुकोबा देवापुढे धरणे धरून बसले होते.

मात्र त्यांची गेलेली संपत्ती परत आली नाही. परंपरा सांगते की, आपल्या वाट्याची येणे असलेली कर्जखतेही त्यांनी इंद्रायणीत सोडली, आणि संसाराची ओढाताण धाकट्या पत्नी जिजाबाईंना सोसावी लागली. त्यांची बाजू कीर्तनांत बहुधा थट्टेवारी नेली जाते, हे मला खटकते. म्हणून आपल्या घरी जिजाबाईंच्या जागी जे कोणी असेल त्यांच्यापुढे कर्जाचा खरा आकडा ठेवावा आणि त्यांना सोबत घेऊनच बँकेत मुदतवाढ मागायला जावे.