आजीचा कढीपत्ता

लाडक्या मनूस,

काल फोनवर तू फुरंगटून सांगितलंस, की आमटीच्या फोडणीसाठी तू कढीपत्ता आणायला बाल्कनीत गेलीस आणि आजीने हात धरला. "झाड झोपलंय, आता नाही." आमटी तशीच झाली. "बाबा, झाड खरंच झोपतं का?" असं तू विचारलंस. फोनवर घाईत सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. जोडाक्षरं अडली तर आजीकडून वाचून घे.

काही झाडं खरंच झोपल्यासारखी दिसतात. संध्याकाळी तलावपाळीला जाताना वाटेत पर्जन्यवृक्ष किंवा चिंच दिसली तर थांबून बघ. अंधारू लागलं की त्यांची पानं जोडीजोडीने मिटतात. पानाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूचं पाणी कमी झालं की पान त्या बाजूला कलतं.

कढीपत्ता मात्र पानं मिटत नाही, आणि हे आजीला ठाऊक आहे. गावी परसात दिवेलागणीनंतर विंचूकाट्याची भीती, म्हणूनही ही रीत पडली असेल. पण चौथ्या मजल्यावर विंचू कुठला?

मनू, ते झाड चिपळूणचं, आजीच्या माहेरचं. कढीपत्त्याच्या मुळाशी फुटवे येतात. असा एक फुटवा आजोबांनी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने नौपाड्याला आणला आणि आमच्या चाळीमागे लावला. मी तेव्हा पहिलीत होतो. पुढे चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा सामानाची बांधाबांध सुरू व्हायच्या आधी आजीने त्याचा फुटवा काढून तेलाच्या डब्यात लावला. भाड्याच्या घरात दोन वर्षं तो खिडकीच्या ग्रिलमध्ये वाढला. तोच आता बाल्कनीत आहे.

चाळीत प्राजक्तही होता, मोठा. तो नेता आला नाही. निघायच्या दिवशी पहाटे आजी परडी घेऊन त्याच्याखाली बसली आणि सगळा सडा वेचूनच उठली. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही. तू विचारू नकोस, ती सांगेल तेव्हा ऐक.

आजोबा गेले तेव्हा घरात कुणाला जेवणाची शुद्ध नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने कढीपत्त्याला पाणी घातलं, मी पाहिलंय. अजूनही घरातलं आंबट ताक पाणी मिसळून त्यालाच जातं. अशा झाडाला रात्री उठवायचं तिच्या जिवावर येतं.

इथे टोरांटोत मी कढीपत्ता पाकिटातला आणतो. फ्रीजमधून रात्री काढताना अजून हात अडखळतो.

आजी रोज दुपारच्या चहानंतर रात्रीसाठी पानं खुडून वाटीत झाकून ठेवते. काल विसरली असेल. उद्यापासून ते काम तू मागून घे. डहाळी ओरबाडू नकोस, कुठली पानं घ्यायची ते ती दाखवेल.

तुझा,
बाबा