अपडेट चालू असताना वीज गेली

प्रश्न : विंडोज ११ चे अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली. आता पडद्यावर नुसते चक्र फिरते. पीकविम्याची सारी कागदपत्रे त्यातच आहेत. काय करावे?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : घाईने विंडोज नव्याने टाकून घेऊ नका; त्यात सी ड्राइव्हवरील कागदपत्रे पुसली जाण्याचा धोका असतो. अर्धवट राहिलेले अपडेट विंडोज पुष्कळदा स्वतःच मागे घेते, म्हणून वीज स्थिर असताना आधी दोन-तीन तास वाट पाहा. तरीही चक्र थांबले नाही, तर पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करा, आणि सुरू करताना विंडोजचे चिन्ह दिसताच पुन्हा बंद करा. असे लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा उघडतो. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडून शेवटचे क्वालिटी अपडेट (दर महिन्याला येणारे दुरुस्तीचे अपडेट) काढावे. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ते उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. एवढ्यानेही भागले नाही, तरच ‘रिसेट’मधील ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय घ्यावा. त्यात कागदपत्रे राहतात, मात्र श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतात.