वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या आठवड्यातील भांडण

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये पर्यवेक्षिका आहे. यंदा जानेवारीत माझ्याकडे २४ महिलांचा गट आला. त्यांतील दहा-अकरा जणी गेल्या हंगामातल्या आहेत, बाकीच्या नव्या. पहिले काही दिवस सगळ्या निमूटपणे ऐकत होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र कोणी कोणत्या टेबलावर बसायचे, कोणाचे पनेट (द्राक्षे भरायचा छोटा डबा) कमी भरले, यावरून रोज वाद होतात. मालक म्हणतात, धाक ठेवा. नाशिकला झालेल्या एका प्रशिक्षणात सांगितले गेले की सर्वांना विश्वासात घ्या, मोकळीक द्या. मी दोन्ही करून पाहिले. धाक दाखवला तेव्हा त्या बोलेनाशा झाल्या आणि मोकळीक दिली तेव्हा खराब मणी राहिलेले घड पुढे जाऊ लागले. माझे नेमके काय चुकते आहे?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते ‘तिसऱ्या आठवड्यापासून’ हे शब्द. ब्रूस टकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लहान गटांवरील सुमारे ५० अभ्यास एकत्र वाचून १९६५ साली असे मांडले की माणसांचा गट साधारणपणे चार अवस्थांतून जातो : आधी जुळणी, मग घुसळण, त्यानंतर घडी बसणे आणि शेवटी खरे काम. आपला गट दुसऱ्या अवस्थेत आहे. ही भांडणे आपल्या नालायकीचा पुरावा नाहीत, हे आधी मनाशी पक्के करा. कारण तसे वाटू लागले की माणूस एक तर आवाज चढवतो, नाही तर अंग काढून घेतो, आणि आपण आळीपाळीने तेच केले आहे.

जुळणीच्या दिवसांत धाकाची गरजच नसते, कारण नवी बाई मुळातच बुजलेली असते. तेव्हा तिला हवे असते ते स्पष्ट सांगणे : घड देठाला धरायचा, मण्यांना बोटे लावायची नाहीत, कारण त्यांच्यावरचा पांढरट थर पुसला जातो, घड उजेडाकडे फिरवून पाहायचा आणि तडकलेला मणी कात्रीच्या टोकाने असा काढायचा की शेजारच्या मण्याला इजा होणार नाही. हे आपण नीट केले असणार, म्हणून सुरुवातीचे दिवस शांततेत गेले.

घुसळणीत प्रश्न बदलतो. काम कसे करायचे हे आता बहुतेकींना कळलेले असते. या गटात माझी जागा कोणती, हे मात्र अजून ठरायचे असते. म्हणून टेबलावरून होणारा वाद फक्त टेबलापुरता आहे असे मानू नका. आपल्या जुन्या महिलांपैकी एखादीला बाजूला घेऊन शांतपणे विचारा. नव्या मुलींच्या चुका मी निस्तरायच्या आणि रोज मात्र दोघींना सारखाच, अशी काही सल बाहेर येईल असा माझा अंदाज आहे. ती धाकाने दबेल, पण जाणार नाही. आणि मोकळीक दिल्यास जिचा आवाज मोठा तिचे राज्य येईल.

पॉल हर्सी आणि केनेथ ब्लँचर्ड यांनी १९६९ साली नेतृत्वाची जी मांडणी पुढे आणली, तिच्यात सांगणे, पटवणे, सहभागी करून घेणे आणि सोपवणे अशा चार रीती आहेत, आणि समोरच्याची त्या कामापुरती तयारी किती हे पाहून त्यांतली एक निवडायची असते. या टप्प्यावर आपल्याला लागते ती पटवण्याची रीत. तिच्यात सूचना कमी होत नाहीत, उलट त्यांच्या जोडीला कारण सांगणे आणि ऐकून घेणे वाढते. धाक आणि मोकळीक या दोहोंपेक्षा ही रीत कष्टाची आहे, कारण दोन्ही कामे एकदम करावी लागतात.

प्रत्यक्षात असे करून पाहा. टेबलांची पाळी आठवड्याने बदलेल हे आपणच ठरवा आणि फळ्यावर लिहा. ही बाब मतास टाकू नका. वजनाचा वाद मात्र त्यांच्या हातांनी मिटू द्या : सकाळी सर्वांसमोर माप ठेवून काटा तपासा, आणि ५०० ग्रॅमचे पनेट जिने भरले तिनेच काट्यावर ठेवून पाहायचे, असा रिवाज पाडा. काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे उभ्याउभ्या बोला, जेवणाच्या सुट्टीत नव्हे; ती सुट्टी त्यांची आहे. परत आलेला एखादा घड सर्वांना दाखवा, पण तो कोणी भरला होता हे सांगू नका. आणि जुन्यांपैकी दोघी-तिघींना नव्यांना शिकवण्याचे काम उघडपणे, सर्वांदेखत द्या. जे त्या आजवर कुरकुरत करत होत्या, त्याला मान मिळाला की कुरकुर बरीच कमी होते. त्यासाठी मालकांकडून थोडा जादा रोज मिळवता आला तर जरूर मिळवा.

घडी बसू लागल्याची खूण आपल्याला ऐकू येईल. एखादी बाई शेजारणीला म्हणेल, ‘ताई, हा घड परत बघ’, आणि ती न चिडता बघेल. त्या दिवसापासून आपण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणे थांबवा, ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारा, आणि मगच हळूहळू टेबल त्यांच्यावर सोपवून आपले लक्ष प्रीकूलिंगकडे, म्हणजे माल पाठवण्यापूर्वी थंड करण्याकडे, आणि गाडीच्या वेळेकडे वळवा. त्यातही एक भेद पाळा : निवडीत तरबेज असलेली बाई नोंदवहीच्या कामात नवखी असू शकते, तिथे तिला पुन्हा पहिल्यापासूनच सांगावे लागेल.

एक सावधगिरी. टकमन यांनी वाचलेल्या अभ्यासांपैकी पुष्कळसे मानसोपचारासाठी जमलेल्या गटांचे होते, पॅकहाऊसचे नव्हेत. त्यामुळे या अवस्थांना वेळापत्रक समजू नये. माल वाढल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये सात-आठ नव्या महिला आल्या, तर बसलेली घडी पुन्हा विस्कटेल आणि आपल्याला काही दिवस मागे यावे लागेल. टकमन यांनीच १९७७ साली मेरी ॲन जेन्सन यांच्यासोबत पाचवी अवस्था जोडली, ती म्हणजे गटाचे विसर्जन. आपल्याकडे ती दर हंगामाअखेर येते आणि मजुरीचा हिशोब करून उरकली जाते, याचे मला फार वाईट वाटते. शेवटच्या दिवशी प्रत्येकीला तिने काय चांगले केले ते नाव घेऊन सांगा. पुढच्या जानेवारीत यातल्या किती जणी परत येतील, हे त्यावरही अवलंबून असते.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशन कारखान्यात मी दोन महिन्यांपूर्वी विभागप्रमुख झालो. माझ्या हाताखालचे सात फिटर आठ वर्षे एकत्र काम करत आहेत. मी प्रत्येक जॉबची पायरीपायरीने सूचना देतो, तरी त्यांची नाराजी जाणवते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘तरी’ नव्हे, ‘म्हणून’. ज्या गटाची घडी आठ वर्षांपूर्वी बसली, त्याला आपण पहिल्या दिवसाची वागणूक देत आहात. त्या गटात नवखे आहात ते आपण. नकाशा, मुदत आणि चालणारी कमी-जास्त मापे एवढे सांगा व जॉब त्यांच्यावर सोडा. वेल्डिंगचा क्रम कोणता घ्यावा, म्हणजे पत्रा ओढला जाणार नाही, हे त्यांनाच विचारा आणि त्यांचे उत्तर वहीत लिहून घ्या. सुरक्षेच्या बाबतीत मात्र, फिटर कितीही जुना असला तरी, चष्मा आणि हातमोज्यांची सूचना रोज, स्वतः, त्याच शब्दांत द्या.